निरोपाची मुलाखत

१

आमच्या कंपनीत माणसांचं खातं बघायला आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मी. पूर्वी आम्ही खोलीभर होतो. पुढे पंपांचा कारखाना, मागे ऑफिसची इमारत आणि वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आमची खोली. रजा, हजेरी, भरती, बढती, रुसवेफुगवे, सगळं आमच्याकडे यायचं. मग एजंट आले. एजंट म्हटल्यावर मला आधी विम्याचा माणूसच डोळ्यांसमोर आला होता. हे तसे नव्हते, कॉम्प्युटरमधले होते. एक एजंट रजा बघायचा, एक हजेरी, एक नव्या उमेदवारांशी बोलायचा आणि एक नोकरी सोडणाऱ्यांची निरोपाची मुलाखत घ्यायचा. आवाज मात्र सगळ्यांचा एकच, बाईचा आणि मऊ. गोड बोलायचं आणि घरातल्या प्रत्येकावर नजर ठेवायची, म्हणून कोणीतरी त्या आवाजाला ‘वन्सं’ असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

माझं काम म्हणजे वन्संनी केलेल्या कामाला ‘मान्य’ म्हणणं. सकाळी खोली उघडायची, पाण्याचा ग्लास विसळायचा, खुर्चीत टेकायचं. टेबलावरच्या काळ्या डबीतून वन्सं बोलायला लागायच्या. कोणाची रजा दिली, कोणाला समज दिली, कोणाला उद्या बोलावलं. मी प्रत्येक वाक्यानंतर मान्य म्हणायची. मध्येच मला जांभई आली तर वन्सं ती संपेपर्यंत थांबायच्या. इतकं सौजन्य मला नोकरीत दुसऱ्या कोणी दाखवल्याचं आठवत नाही.

दिव्यांचं कामही त्यांच्याकडेच होतं. माणूस इमारतीत आलं की त्याच्या जागेवरचा दिवा लागायचा, बाहेर पडलं की विझायचा. वीज वाचते म्हणून साहेब खूश होते.

मी राजीनामा दिला होता आणि तो मंजूरही झाला होता. कारण अक्का. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. त्या नादात तिचं लग्न राहिलं आणि पुढे माझंही. वर्षभरात तिची नजर इतकी अधू झाली होती की समोर मी उभी आहे की पडदा लोंबतोय, हे मी बोलल्यावरच तिला कळायचं. दिवसभर ती घरात एकटी. भिंतीला हात लावत चालायची. दारावर कोणी आलं की आधी घाबरायची आणि मग उघडायची. तिला दिवसा घरात कोणीतरी हवं होतं आणि ते कोणीतरी मीच होते. महिनाअखेरीला सुटायचं, एवढंच आता माझ्या डोक्यात होतं. इतक्या वर्षांत कामाच्या दिवसातली माझ्या घरातली दुपार कशी दिसते, हेही मी पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी मी जिना चढून आले, तर शेजारच्या बंद खोलीच्या काचेमागे दिवा लागलेला होता.

२

ती ड्रॉइंगची खोली. टोककाका रिटायर झाल्यावर ती बंद केली होती आणि तिच्याकडे बघायची कोणाला सवय राहिली नव्हती. टोककाका म्हणजे पंपांचे नकाशे हाताने तपासणारे आमचे शेवटचे ड्राफ्ट्समन. सतत पेन्सिलीला टोक करत बसायचे आणि जिभेलाही तसंच टोक होतं, म्हणून हे नाव. सगळे जण हसतच त्यांना घाबरायचो.

झाडलोट करणाऱ्यांनी दिवा चालू ठेवला असेल म्हणून मी किल्ली आणून दार उघडलं. बाकीची टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. टोककाकांचं उतरतं टेबल खिडकीशी तसंच होतं, कारण ते फार जड होतं. त्यापुढे त्यांचं उंच स्टूल, वर फोमची गादी. दिवा नेमका तेवढ्या जागेवर. मी भिंतीवरचं बटण दाबून तो बंद केला. दाराला कुलूप घालेपर्यंत तो पुन्हा लागला.

खोलीत येऊन मी वन्संना विचारलं, शेजारी कोण आहे. वन्संनी टोककाकांचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘ते आले आहेत.’’

यंत्र बिघडतं. माझा मिक्सरही अधूनमधून स्वतःहून सुरू होतो. मी सिस्टीमवाल्याला बोलावलं. त्याने छतावरचा सेन्सर बदलला, तरी दिवा लागलेलाच. मग त्याला शंका आली आणि त्याने टोककाकांच्या निरोपाच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. आम्ही दोघांनी ऐकलं. वन्सं एकेक प्रश्न विचारत होत्या, टोककाका एका शब्दात उत्तरं देत होते. शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘बरं, येतो मग,’’ टोककाका म्हणाले.

‘‘या,’’ वन्सं म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पोट धरून हसलो. खुळीने शब्दशः धरलं होतं. म्हातारा ‘येतो’ म्हणाला म्हणजे येणार, आणि येणार म्हणजे आलाच. दुपारपर्यंत हा विनोद कारखानाभर झाला. साहेबांनी तो जेवताना परत सांगितला आणि सांगताना स्वतःलाच ठसका लावून घेतला.

जेवणानंतर सिस्टीमवाला वन्संना समजावायला बसला. आपल्याकडे ‘येतो’ म्हणजे ‘जातो’, असं त्याने शाळेतल्या मास्तरांसारखं सावकाश सांगितलं.

‘‘मला माहीत आहे,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘निघताना तसंच म्हणतात.’’

‘‘मग दिवा कशाला लावलात?’’

‘‘ते आले म्हणून.’’

सिस्टीमवाल्याचं हसू हळूहळू गेलं. त्याने घड्याळ पाहिलं, मीटिंग आहे म्हणाला आणि आपली बॅग माझ्याच टेबलावर विसरून निघून गेला.

ऑफिस सुटताना मी त्या काचेपाशी थांबले. काचेच्या कडेला दुधी कागद निघालेली एक पट्टी होती, तिच्यातून आत दिसायचं. टेबलावर काही नव्हतं. फक्त स्टुलावरची गादी मध्ये दबलेली होती. सुटण्याची वेळ झाली तसा दिवा विझला. पॅसेजचा उजेड आत पडत होता, त्यात मला दिसलं की गादी सावकाश वर येते आहे. वर वर येत ती सपाट झाली.

जुना फोम आहे, मी स्वतःला सांगितलं, आणि दमलेल्या माणसाला काहीही दिसतं. जिना मात्र मी नेहमीपेक्षा भरभर उतरले.

३

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी टोककाकांकडे गेले. वन्संनी रजा लगेच दिली. टोककाकांना खडसावायचं, काय हो, जाऊनही पिच्छा सोडत नाही, आणि त्यांनी मला त्याहून टोचून काहीतरी बोलावं, एवढं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मला पाहून तिला आनंद झाला, पण ती दारातच घुटमळली. मग आत घेतलं. टोककाका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. अंगात घरचे कपडे, पाठ ताठ. मी हाक मारली. त्यांनी ऐकल्याचं काही दिसलं नाही. डोळे उघडे होते आणि पापण्या लवत होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मात्र एकमेकांवर हळूहळू फिरत होती. पेन्सिलीला टोक करताना फिरतात तशी.

‘‘रोजचंच आहे,’’ त्यांची बायको म्हणाली. ‘‘ऑफिसची वेळ झाली की तिथे जाऊन बसतात. मग हलवा, ओरडा, काही उपयोग नाही. जेवणाचं ताट तसंच पडून राहतं.’’

डॉक्टर काय म्हणतात, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते की बीपी उत्तम आहे, नोकरी सुटल्यावर माणसाला असं होतं, छंद लावून घ्या. तिने त्यांच्यासाठी कुंड्या आणून ठेवल्या होत्या. त्यात नुसतीच माती होती.

‘‘आणि संध्याकाळी?’’

‘‘संध्याकाळी येतात ना.’’ ती पटकन बोलून गेली आणि मग तिने ओठ चावला. ‘‘म्हणजे उठतात. ‘हुश्श, आलो बाई’ म्हणतात. पाय धुतात. एवढे थकलेले असतात की दोन घास खाऊन झोपतात. कुठून आलात, असं मी एकदा विचारलं तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनाही ठाऊक नाही. मला वाटलं होतं, आता तरी घरात असतील.’’

मी चहा घेतला, कारण तिने तो आधीच ठेवला होता. टोककाकांकडे पाठ करून बसणं मला जमेना आणि त्यांच्याकडे बघत बसणंही. त्या खोलीत ऊन यायचं. ते त्यांच्या पायांवर पडलं होतं आणि ते पाय उन्हातही हलले नाहीत.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. मी तोंड उघडलं आणि निरोपाचा तो साधा शब्द उच्चारलाच नाही. मी नुसती मान हलवली. ती बिचारी काय समजली कोण जाणे.

४

मग मी लक्ष ठेवायला लागले. वन्सं आल्यापासून जे जे सोडून गेले होते, त्यांच्या जागांवर दिवे होते. गोदामाच्या कोपऱ्यात एक, खाली रिसेप्शनमागच्या खोपटात एक, आणि माझ्याच खोलीत रिकाम्या टेबलांवर ओळीने, जे मी खोलीचेच दिवे समजत आले होते. नवी माणसं त्या उजेडात आपले डबे ठेवायची. कोणालाच काही वाटत नव्हतं. दिव्याखाली डबा ठेवायला चांगली जागा असते.

पूर्वीच्या रिसेप्शनिस्टला मी दिवसा फोन केला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी तिचाच फोन आला. ‘‘सॉरी हं मॅडम, आत्ताच आले घरी. पाय नुसते मोडून आलेत,’’ ती म्हणाली. कुठून आलीस, मी विचारलं. ‘‘कुठून म्हणजे...’’ ती म्हणाली. मग ती रडायला लागली आणि तिच्या नवऱ्याने फोन घेऊन ठेवून दिला.

साहेबांकडे गेले आणि माझी निरोपाची मुलाखत नको, असं सरळ सांगितलं. साहेब वाईट नव्हते, पण त्यांना माणसाचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. मुलाखत झाल्याशिवाय सुटका होत नाही, असं म्हणाले. पाच मिनिटांचं तर काम, आणि सुरुवातीला तुम्हीच वन्संना आपलं बोलणं शिकवलंत, आता तुम्हीच लाजता? मग त्यांना तो ‘येतो’चा विनोद आठवला आणि ते पुन्हा हसले.

ठीक आहे, मी ठरवलं. पाच मिनिटं. काही झालं तरी तो शब्द उच्चारायचा नाही. ‘जाते’ म्हणायचं आणि बाहेर पडायचं. ऐकायला सोपं वाटतं. घरी स्वयंपाकघरात मी सराव करून पाहिला. जाते. जाते. तिसऱ्यांदा म्हटलं तसा बाहेरून अक्काचा आवाज आला.

‘‘काय गं अभद्र बोलतेस, धाकटे? जाते म्हणू नये. येते म्हणावं.’’

मी तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होते? आधीच तिला जरा खुट्ट झालं की धडकी भरायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा ती आमच्या दुपारचे बेत करत होती. मी वाचून दाखवायचं, तिने ऐकायचं. रेडिओ लावायचा. मधूनच भांडायचं. भांडायला दिवसा कोणी नाही म्हणून ती किती कंटाळली आहे, हे तिने मला दोनदा सांगितलं.

मला फार भीती वाटली. इतकी की रात्री तिचा हात उशाशी घेऊन झोपले, लहानपणी झोपायची तशी.

५

मुलाखतीची खोली काचेची आहे. दोन खुर्च्या, त्यातली एक कायम रिकामी. पाण्याचा जग. रडू आलं तर असावेत म्हणून कागदी रुमालांचा डबा. मी पर्स मांडीवर धरून बसले.

वन्संनी नेहमीचेच प्रश्न विचारले. कामात समाधान होतं का. होतं. कोणाविषयी तक्रार. नाही. काय बदलावं असं वाटतं. काही नाही. मी उत्तरं मोजूनमापून देत होते आणि मधून मधून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

‘‘आता दुपारी काय करणार?’’ वन्संनी विचारलं.

हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. बहिणीजवळ बसणार, मी म्हटलं. वन्संनी ते नोंदवून घेतलं. माझी जांभई संपण्याची वाट बघायच्या, तेवढाच वेळ लागला. मग काही सांगायचं राहिलं का, असं विचारलं. नाही, मी म्हटलं.

मी उठले. खुर्ची नीट आत सारली. आणि मी म्हटलंच. ‘‘जाते.’’

‘‘असं म्हणू नये, मॅडम,’’ वन्सं हळूच म्हणाल्या. ‘‘येते म्हणावं.’’

कुठल्याही घरातल्या मोठ्या बाईने म्हटलं असतं, तेच. त्यात धमकी नव्हती की आग्रह नव्हता. मी ओठ घट्ट मिटले. दारापर्यंत गेले, मूठ फिरवली, एक पाय बाहेर टाकला. बाहेर पॅसेजमध्ये साधा दिवसाचा उजेड होता आणि खाली कारखान्यात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. सुटले, असं वाटून माझ्या खांद्यांवरचं सगळं ओझं एकदम उतरलं.

‘‘जपून जा,’’ पाठीमागून वन्सं म्हणाल्या. ‘‘आणि या हं.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

जिन्याच्या निम्म्यावर मला कळलं. मी कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. जन्मभर कोणी ‘या’ म्हटलं की मी ‘हो’ म्हणत आले आहे. विचार करून कोण म्हणतं? परत वर जाऊन नाही म्हणावं, असं मनात आलं आणि मी दोन पायऱ्या चढलेही. पण काचेच्या त्या खोलीतला दिवा तेवढ्यात विझला होता. आत आता कोणाला नाही म्हणायचं, ते मला समजेना.

६

सुट्टीचे दोन दिवस काहीच झालं नाही. मी अक्काला वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि एका जाहिरातीवरून आम्ही भांडलोही. मी मनात वन्संना आणि स्वतःला हसले. नोकरी सुटली की माणसाला काहीही वाटतं, छंद लावून घ्यायला हवा.

सोमवारी सकाळी आम्ही मटार सोलायला बसलो. अक्काला नुसतं चाचपून सोलता यायचे. कपाटाच्या पायाशी ऊन आलं होतं. हेच ते, मला वाटलं, हे ऊन मी कधी पाहिलं नाही. पुढे ते कुठपर्यंत सरकतं, बघू या.

आणि मग काळोख होता. मांडीवरच्या ताटलीत मटार तेवढेच होते. अक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचा आवाज बसला होता.

‘‘कुठे गेली होतीस, धाकटे? किती हाका मारल्या.’’

इथेच होते, मी म्हटलं.

‘‘नव्हतीस. श्वास ऐकू येत होता तुझा. पण तू नव्हतीस.’’

बेलवर बेल वाजली, दार उघडू की नको हे कळेना, म्हणून ती धावली होती आणि पडली होती. गुडघा फुटला होता. रक्त वाळून साडीला चिकटलं होतं. मी उठले तर माझे पाय सुजलेले, आणि अनवाणी पावलांवर चपलेच्या पट्ट्यांचे वळ होते. मी पाणी गरम केलं, तिचा गुडघा पुसला. पुसताना मला दिवसभरातलं थोडंसं आठवलं. डोक्यावर दिवा होता. समोर पाठी होत्या, बऱ्याच, ओळीने. जवळच कुठेतरी पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज होता. काम काही नव्हतं. कोणालाच नव्हतं. नुसतं बसायचं होतं. मान वळवून शेजारी कोण आहे हे बघायचं माझ्या मनात आलं होतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

मग मी अक्काला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं, पण ती चिडली. माझ्यावर नाही, वन्संवर. लहानपणी मला कोणी मारलं की चिडायची, तशी.

सकाळी तिने खुर्चीला खुर्ची लावली, चाचपडत माझं मनगट शोधलं आणि दोन्ही हातांनी धरलं. बघू कोण नेतं ते, म्हणाली. तिची बोटं गरम होती. मी झोपून जाऊ नये म्हणून ती बोलत राहिली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिचा फ्रॉक कसा सोडत नव्हते, बाईंनी माझं एकेक बोट कसं सोडवलं, आणि ती स्वतः वर्गाबाहेर दिवसभर कशी

खिडकीत अंधार होता. समोरचं ताट झाकलेलं होतं, पाण्याचं भांडं भरलेलं. अक्काची बोटं माझ्या मनगटावर तशीच आवळलेली होती आणि गार पडली होती. मी हुश्श म्हटलं असणार, कारण तिने मान माझ्याकडे वळवली.

‘‘आलीस?’’ तिने विचारलं. आवाज जेमतेम फुटत होता. ‘‘एकदाही हात सोडला नाही गं मी. तरी गेलीस.’’